राउटरची माहिती आपल्या वहीत हवी



आमच्या करमाडच्या विहाराला लागून मुलांची एक लहानशी अभ्यासिका आहे. दोन टेबले, बाबासाहेबांचा फोटो, एका कारखान्यातून निकालात निघालेला संगणक आणि वर्गणीतून घेतलेले इंटरनेटचे कनेक्शन, एवढाच तिचा पसारा. गेल्या पावसाळ्यात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असताना एका रात्री वीज कडाडली आणि राउटर जळाला. ज्या डब्यात फायबरची वायर येते तो वाचला, पण त्याच्या पुढचा वायफायचा राउटर गेला. आम्ही शहरातून नवा आणला. वायर जोडली, दिवे लागले, मोबाईलवर वायफायचे नावही दिसू लागले. इंटरनेट मात्र येईना.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला दोनच दिवस उरले होते. मोबाईलवरही अर्ज भरता येतो हे खरे. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका अशी कागदपत्रे ठरलेल्या मापात चढवायची तर मोठा पडदा बरा पडतो, आणि अकरा मुलांपैकी तिघांच्याच मोबाईलमध्ये रिचार्ज शिल्लक होता.

कंपनीला फोन लावला. "सेटिंग करावं लागतं. माणूस परवा येईल, पाचशे रुपये पडतील." मी म्हटले, आम्हीच करतो, तुम्ही फक्त युजरनेम आणि पासवर्ड सांगा. उत्तर आले, "ते आम्ही गिऱ्हाइकाला देत नसतो."

पैसे दर महिन्याला आम्ही भरायचे, आणि कनेक्शनची किल्ली त्यांच्या खिशात! शेंद्र्याच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची एका दिवसाची मजुरी पाचशेच्या आसपास असते, तेव्हा ही रक्कम लहान नाही. त्यातून परवा म्हणजे मुदत संपल्यावर.

मग मीच बसलो. राउटरच्या तळाशी कागद चिकटवलेला असतो, त्यावर एक पत्ता छापलेला असतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मोबाईल त्या वायफायला जोडायचा आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकायचा, की राउटरचे आतले पान उघडते. (हे आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून घरोघरी तेच दिसतात.) त्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' नावाचा भाग असतो. तिथे मी मोठ्या विश्वासाने पासवर्ड टाकला. काही झाले नाही. पुन्हा टाकला. बारावीतली एक मुलगी मागे उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवले नाही. "काका, तुम्ही वायफायचा पासवर्ड टाकायलाय. इथं तो नसतो."

मला वाटते बहुतेकांचा घोळ इथेच होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घरातल्या राउटरला तीन वेगवेगळे पासवर्ड असतात. वायफायचा पासवर्ड आपल्या सर्वांना ठाऊक असतो. पाहुणा आला की तोच विचारतो. दुसरा पासवर्ड राउटरचे आतले पान उघडण्याचा. तो तळाच्या कागदावर छापलेला असतो, आणि पुष्कळ जुन्या राउटरना 'ॲडमिन' हाच शब्द नाव म्हणूनही आणि पासवर्ड म्हणूनही चालतो. तिसरा कंपनीने दिलेला, कनेक्शनचा. खरी किल्ली ती. वायफायचा पासवर्ड हवा तितक्या वेळा बदला, कनेक्शनच्या पासवर्डला काही होत नाही. पण हा तिसरा हरवला, तर नवा राउटर म्हणजे नुसता दिव्यांचा डबा.

त्या 'वॅन'च्या भागात कनेक्शनचा प्रकार विचारतात. नवा राउटर बहुधा 'डायनॅमिक आयपी'वर लावून आलेला असतो. म्हणजे समोरून पत्ता आपोआप मिळेल अशी वाट बघत बसतो. पण पुष्कळ कंपन्यांचे घरगुती कनेक्शन 'पीपीपीओई' प्रकारचे असते. यात राउटरने कंपनीच्या दारात जाऊन आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगायचा. ओळख पटली की त्याला पत्ता मिळतो आणि इंटरनेट सुरू होते. जुन्या राउटरला हे नाव पाठ होते, नव्याला नव्हते. एवढ्यासाठीच अकरा मुले दोन दिवस खोळंबली होती.

नाव मिळवायचे कुठून? कनेक्शन घेताना कंपनी पहिल्या दिवशी मोबाईलवर मेसेज पाठवते, किंवा पावतीवर लिहून देते. आमची पावती कुणाकडे आहे ते कुणालाच सांगता येईना. कनेक्शन ज्याच्या आधार कार्डावर घेतले होते तो मुलगा नोकरीसाठी चाकणला गेलेला. त्याची दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला त्याने फोन उचलला आणि दोन वर्षांपूर्वीचा मेसेज शोधून पाठवला. मुलीने प्रकार 'पीपीपीओई' निवडला, नाव टाकले, 'ॲट'चे चिन्ह आणि त्यापुढची अक्षरेही टाकली (मी ती सोडून दिली असती), पासवर्डातली लहान-मोठी अक्षरे होती तशीच ठेवली आणि 'सेव्ह' दाबले. मिनिटभरात इंटरनेटचा दिवा हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी दहा अर्ज गेले. अकरावा राहिला, कारण त्या मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती. त्याला राउटर तरी काय करणार!

कुणी म्हणेल, एवढ्याशा डब्यावर एवढे काय लिहायचे? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला निवेदन देऊन आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा मागितला होता, आणि मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. आज तिच्याकडे जाण्याची वाट ह्या डब्यातून जाते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क कागदावर आहेच. पण युजरनेम चाकणला असले तर त्याचा उपयोग काय?

आता ज्या चुकांनी घरोघरी अडते त्याबद्दल. पहिली म्हणजे 'रिसेट'. इंटरनेट बंद पडले की कुणीतरी हुशार माणूस राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबून धरतो. त्याने सगळी सेटिंग पुसली जाते, पीपीपीओईचे नावसुद्धा. बटण बंद करून पुन्हा चालू करणे वेगळे आणि रिसेट वेगळा. आणि फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा तांबडा दिवा लागला असेल तर राउटरला हातच लावू नका. त्याचा अर्थ बाहेरून प्रकाशच पोहोचत नाही, वायर कुठेतरी तुटली किंवा निसटली आहे. ते काम कंपनीचे, आणि त्याची तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

सगळे बरोबर टाकूनही चालू झाले नाही, तर कंपनीला दोन गोष्टी विचारा. 'व्हीलॅन' क्रमांक काही टाकायचा आहे का? आणि जुन्या राउटरचा 'मॅक' पत्ता बांधलेला आहे का? काही कंपन्या तो बांधून ठेवतात, मग नव्या राउटरला ओळखच मिळत नाही. म्हणून जुना राउटर भंगारात देण्याआधी त्याच्या तळाचा कागद मोबाईलमध्ये टिपून ठेवावा. काही पाने उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात असे झाले तर 'एमटीयू' हा आकडा बघा. कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला तो लगेच पटला. माहितीचे पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचे, त्यात पीपीपीओईची चिठ्ठी ८ बाइट जागा घेते, म्हणून १४९२. बहुतेक राउटर तो स्वतःच लावून घेतात.

'डीएनएस' मात्र नीट समजून घ्या. तो इंटरनेटचा टेलिफोन डिरेक्टरीवाला. बँकेचे नाव सांगितले की तो तिचा आकडी पत्ता देतो. त्याच्या जागी लबाड माणूस बसवला तर बँकेचे नाव टाकूनही भलतेच पान उघडेल. अशी टोळी २०११ साली अमेरिकेच्या एफबीआयने उघडकीस आणली. तिने लाखो संगणकांची हीच सेटिंग बदलली होती. आणि २०१६ साली 'मिराई' नावाच्या विषाणूने कारखान्याचेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर जगभर काबीज केले होते. म्हणून आतल्या पानाचा तो 'ॲडमिन' पहिल्याच दिवशी बदला. वायफायला 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' हाच प्रकार निवडा.

वस्तीतल्या बऱ्याच घरांवर पत्रे आहेत. लोखंडी पत्रा आणि लोखंडी कपाट वायफायच्या लहरी अडवतात, तेव्हा राउटर कपाटावर पत्र्याला टेकवून ठेवू नका. दूरच्या खोलीत २.४ गीगाहर्ट्झचे नाव निवडले तर ५ पेक्षा बरे पोहोचते.

आमच्या विहाराच्या हिशेबाच्या वहीत आता शेवटचे पान राउटरचे आहे. कनेक्शनचा प्रकार, युजरनेम, पासवर्ड, आतल्या पानाचा पत्ता, तक्रारीचा नंबर. वही कपाटात असते, कारण भिंतीवर लावायचा तो फक्त वायफायचा पासवर्ड. कनेक्शन करमाडलाच राहणाऱ्या एका ताईंच्या नावावर करून घेतले आहे. त्यासाठी कंपनीत तीन खेपा घालाव्या लागल्या. आणि आभाळ भरून आले की दोन्ही डब्यांचे प्लग काढायचे काम त्या बारावीच्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे.