उदास, खिन्न, विषण्ण

‘सॅड’, ‘ग्लूमी’ व ‘मेलंकली’ या इंग्रजी विशेषणांत भेद कोणता, असें शाळेंत मुलें विचारूं लागलीं, कीं आम्ही आधीं घरचेच शब्द पुढें करीत असूं: उदास, खिन्न, विषण्ण, शोकाकुल यांत भेद काय? बहुधा उत्तर येई, ‘गुरुजी, सारे दुःखीच!’

धातु पाहिले म्हणजे भेद उघड होतो. ‘उद्’ आणि ‘आस्’ मिळून उदास. तो सर्वांपासून अलग बसलेला. खिन्नाच्या मुळाशीं ‘खिद्’ आहे. त्याचें मन शिणलेलें. विषण्णांत ‘सद्’ आहे. तो खचून खालीं बसतो. गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटीं अर्जुन धनुष्य टाकून रथांत बसतो. त्या अध्यायाला विषादयोग हें नांव किती यथार्थ! शोक ‘शुच्’पासून, त्यांत जळणें आहे. इंग्रजींतही असेंच: ‘मेलंकली’ म्हणजे मुळांत ग्रीकांचें काळें पित्त, तर ‘सॅड’ एके काळीं ‘तृप्त’ या अर्थाचा होता.

चुकीचें विशेषण काय करतें, याचें उदाहरण आमच्या सोयगाव तालुक्यांतच आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत मान टाकून रेललेली एक राजस्त्री रंगविली आहे. १८९६-९७ सालीं ज्यांचा अजिंठ्याच्या चित्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्या जॉन ग्रिफिथ्स यांनीं तिची मोठी वाखाणणी केली. इंग्रजींत तिचें नांव पडलें ‘डाइंग प्रिन्सेस’, मरणोन्मुख राजकन्या. परंतु ती नंदाची पत्नी सुंदरी. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षु झाला आणि त्याचा मुकुट सेवकानें परत आणला. तो पाहून ती कोसळली. अश्वघोषाच्या ‘सौन्दरनन्द’ काव्याचा विषय हेंच दांपत्य. ती शोकाकुल आहे; एका विशेषणानें तिला मरणाच्या दारीं नेऊन ठेविलें.

पण दुसऱ्यांस कां हंसावें? आमची धाकटी सून माहेराहून परत आली, ती अबोल होऊन. ‘उदास स्वभाव आहे,’ असें म्हणून आम्हींच तो विषय मिटविला. महिन्यानंतर कळलें, कीं आईच्या दुखण्यांत तिनें तेथें रात्री जागून काढल्या होत्या. ती उदास नव्हती, खिन्न होती. तिला उपदेश नको होता, विसांवा हवा होता.

तेव्हां घरांतील वडील मंडळींस आमची विनंति एवढीच, कीं आधीं शब्द पारखावा. उदासाला माणसांत आणावें, खिन्नाला विश्रांति द्यावी, विषण्णाला हात देऊन उठवावें, आणि शोकाकुलाजवळ कांहीं न बोलतां बसावें.