गुण आला तर टिकेल ना!

स्वमग्न मुलांच्या आयांना हल्ली कुणीतरी हमखास सांगतं, ‘स्टेम सेल करून घ्या, मूल बोलायला लागेल.’ मग बांगड्या मोडायच्या, नाहीतर कर्ज काढायचं. आणि गुण किती दिवस टिकेल विचारलं तर म्हणे, आणखी एक डोस घेऊ!

थॅलेसेमियात या प्रश्नाला उत्तर आहे. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा दिली आणि ती नीट रुजली, की तिच्यातल्या मूळ पेशी आयुष्यभर रक्त तयार करू शकतात. सारखं रक्त चढवणं सुटतं. जोखीम त्यातही आहेच, पण फायदा खरा.

स्वमग्नतेत फायदा होतो हेच मुळात सिद्ध झालेलं नाही, मग टिकणार काय, कपाळ? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनेही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस केली नाही. इंजेक्शननंतर मूल दोन शब्द बोललं, तर सोबत चालू असलेली स्पीच थेरपी आणि वाढतं वयही मोजा की! आईने रोज तासन्‌तास घेतलेली मेहनत तर कुणी धरतच नाही.

‘हा प्रयोग आहे’ असं डॉक्टर म्हणाले, तर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत. तेव्हा मैत्रिणींनो, चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक मागा आणि पैसे कशाचे ते विचारा. घरच्यांनी ‘पोरासाठी एवढंही करत नाही’ असा टोमणा मारला, तरीसुद्धा.