नदीकाठची घरे व त्यांची किंमत

नदी घाण असते तोवर तिच्या काठची जागा कोणी मागत नाही; म्हणूनच तेथे गरीब माणूस आपले खोपट उभारतो. तीच नदी स्वच्छ झाली, काठी झाडे लागली, बसावयास बाग झाली, की त्या जागेला एकाएकी गिऱ्हाईक येऊ लागते. या साध्या गोष्टीत न्यायाचा मोठा प्रश्न दडला आहे; तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दक्षिण कोरियातील सेऊल शहरात एक ओढा रस्त्याखाली गाडलेला होता. २००३ ते २००५ या काळात वरचा रस्ता पाडून सुमारे सहा किलोमीटरपर्यंत तो पुन्हा वाहता केला. तेव्हा काठापासून पन्नास मीटरांच्या आतील जमिनीचे भाव शेकडा ३० ते ५० वाढले. मालकांचे भले झाले. परंतु भाव चढला की भाडेही चढते. अहमदाबादेत साबरमतीचे काठ बांधून २०१२ साली फिरावयाच्या वाटा खुल्या झाल्या. त्यापायी दहा हजारांहून अधिक कुटुंबांना काठ सोडावा लागला, व पुष्कळांना कामधंद्यापासून दूर, शहराच्या कडेला घरे मिळाली.

हे वारे आता आपल्या शेजारी आले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात नाग नदीच्या शुद्धीकरणाची कोनशिला बसली. खर्चाचा अंदाज १,९२५ कोटी रुपयांहून अधिक. नाग पुढे कन्हानला मिळते, आणि आमची जामही कन्हानलाच. इकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्या येतात, नोकरमाणसे येतात, जागेची मागणी वाढते. अशात पांढुर्णा व सावरगाव यांमधील जामच्या काठी उद्या बाग झाली, तर तेथील बिऱ्हाडांचे काय होईल?

नदी स्वच्छ व्हावीच. तिच्या घाणीचा त्रास प्रथम गरिबांच्याच मुलांना होतो. परंतु खर्च सर्वांच्या करांतून व्हावा आणि लाभ मोजक्या मालकांच्या पदरी पडावा, हे योग्य नव्हे. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच काठावरील घरांची, भाडेकऱ्यांसह, नोंद व्हावी. पुराच्या पाण्यात येणाऱ्या घरांना जवळपासच दुसरी जागा मिळावी. शहरांतील भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा मध्य प्रदेशात १९८४ पासून आहे; पात्र कुटुंबांनी नगरपालिकेत त्याची चौकशी करावी. आणि कोणी चढा भाव घेऊन दारी आला, तर सरकारी दर किती हे निबंधकाच्या कचेरीत विचारल्यावाचून कोणत्याही कागदावर अंगठा वा सही करू नये.