रक्त त्यांचे, औषध कोणाचे?

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी मासेमारी करून जगणाऱ्या वस्त्यांत एक व्याधी पिढ्यानपिढ्या ठाण मांडून आहे. ऐन चाळिशीत माणसाचे हातपाय त्याच्या इच्छेविरुद्ध हलू लागतात, बोलणे अडखळते, स्वभाव पालटतो, बुद्धी क्षीण होते आणि पंधरा-वीस वर्षांत मृत्यू येतो. वैद्यकशास्त्रात हिचे नाव हंटिंग्टन रोग. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

अमेरिकी शास्त्रज्ञ नॅन्सी वेक्सलर १९७९ पासून तेथे खेपा घालत राहिल्या. त्यांची स्वतःची आई याच रोगाने गेली होती. त्यांच्या शब्दावर विसंबून तेथील हजारो दरिद्री माणसांनी आपले रक्त दिले. त्या आधारे १९८३ मध्ये रोगाचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला आणि १९९३ मध्ये दोषी जनुक हाती आले.

त्यानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, युनिक्युअर या कंपनीने जनुकोपचाराचे निष्कर्ष जाहीर केले. निरुपद्रवी केलेल्या विषाणूवाटे एक जनुकीय आज्ञा प्रदीर्घ शस्त्रक्रियेने मेंदूच्या गाभ्यात पोहोचवली जाते. मग तेथील पेशी घातक प्रथिनाची निर्मिती स्वतःच रोखू लागतात. अधिक मात्रा दिलेल्या रुग्णांची घसरण तीन वर्षांत ७५ टक्क्यांनी मंदावल्याचे कंपनी सांगते. मात्र, तीन वर्षे पूर्ण केलेले असे रुग्ण होते अवघे बारा आणि तुलना होती उपचार न घेतलेल्या इतर रुग्णांच्या जुन्या नोंदींशी. एवढ्यावर मान्यता देण्यास अमेरिकी औषध प्रशासन आता राजी नसल्याचे कंपनीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. रुग्णांच्या हाती वेळ थोडा आहे हे खरे, पण मेंदूला छिद्र पाडून करावयाच्या उपचाराबाबत ही सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल.

खरी चिंता पुढची आहे. याच कंपनीने विकसित केलेल्या हिमोफिलियावरील जनुकोपचाराची किंमत २०२२ मध्ये अमेरिकेत ३५ लाख डॉलर ठरली. ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभे राहिले, त्या कोळ्यांना असे औषध दुरूनही दिसणार नाही. दात्यांचा हक्क किमतीत कुठे तरी धरला गेला पाहिजे, हे बाजाराला कोण सांगणार?

हा रोग आपल्याकडेही आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर झालेला जनुकोपचार यशस्वी ठरल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. तिचा रोख हंटिंग्टनकडे वळवायचा, तर रुग्ण आणि त्यांच्या घराण्यांची नोंद हवी. पण मुलीची सोयरीक मोडेल या धास्तीने घरातला रोग ‘वात’ म्हणून झाकला जातो आणि वंशावळ सांगायची वेळ आली की आजोबांचा मृत्यू भलत्याच कारणाने झालेला असतो. माराकाइबोच्या त्या निरक्षर कोळ्यांनी तपासनीसांना आपली घरे उघडी करून दिली होती, आजोबा-पणजोबांसकट.