दुसरे राजूर

आमच्या राजूरचे नाव काढले की ऐकणारा हात जोडतो. राजुरेश्वराचे गाव, गणपतीच्या साडेतीन पीठांतले एक. अंगारकीला येथे पाय ठेवायला जागा उरत नाही. पण महाराष्ट्रात राजूर आणखीही आहे. ते सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर. त्या राजूरचे मधुकर पिचड 6 डिसेंबर 2024 रोजी वारले. दुसऱ्या दिवशी आमच्या पारावर ती बातमी वाचून एक सुशिक्षित गृहस्थ उद्गारले, "राखीव जागेवरचा माणूस. त्यात काय एवढे!" हा लेख त्या गृहस्थांस उद्देशून आहे, आणि ते एकटे नाहीत हेही मला ठाऊक आहे.

राखीव जागा म्हणजे ताटात वाढून आलेला लाडू, अशी आपली समजूत आहे. अहो, त्या जागेवर उभा राहणारा प्रत्येकच आदिवासी असतो! महादेव कोळ्याशी महादेव कोळी लढतो, ठाकराशी ठाकर. राखीवपणाचा लाभ सर्वांना सारखाच. मग निवडून येतो तो कशाच्या बळावर? पिचड 1980 पासून 2009 पर्यंत सलग सात निवडणुका जिंकले. कळसूबाईच्या पायथ्यापासून हरिश्चंद्रगडाच्या रानापर्यंत विखुरलेल्या वाड्यांतून मते मिळवायची, तीही चौतीस वर्षे टिकवायची, हे फुकटचे असते तर दुसऱ्या कोणी का केले नाही?

1995 ते 1999 या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्या आसनावर राखीव जागा नसते.

तरीही मंत्रिपद द्यायची वेळ आली की त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आदिवासी विकास खाते यायचे. डोंगरातला माणूस डोंगरापुरता, हा आपला न्याय. मैदानावरच्या आमदाराला अर्थ, पाटबंधारे, गृह काहीही शोभते. त्याची जात किंवा त्याचे पठार कोणी विचारीत नाही. 1960 पासून आजवर महाराष्ट्राला एकही आदिवासी मुख्यमंत्री लाभला नाही. राज्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे आदिवासी एक कोटीहून अधिक, शेकडा नऊ. विधानसभेच्या 288 पैकी 25 जागा त्यांच्या. आकडे आपण मोजतो, माणसे मोजीत नाही.

आणि त्या 'आपल्यापुरत्या' खात्यात तरी काय झाले ते पाहा. पूर्वी आदिवासींचा पैसा निरनिराळ्या खात्यांच्या अंदाजपत्रकांत वाटला जाई. वाटता वाटता कोठे झिरपला ते कळत नसे. सुखटणकर समितीने सुचविले की लोकसंख्येच्या प्रमाणात रक्कम आधी बाजूला काढावी आणि ती आदिवासी खात्याच्याच हाती द्यावी. 1993-94 पासून महाराष्ट्रात तसे सुरू झाले. तेव्हा खात्याचे मंत्री पिचड होते. घरातली सुगृहिणी पगार हाती आला की किराण्याचे पैसे आधी वेगळ्या डब्यात ठेवते, तेच हे शहाणपण. पुढे इतर राज्यांनी त्याकडे नमुना म्हणून पाहिले. असा कारभार पठारावरच्या माणसाने केला असता तर आपण त्याला 'द्रष्टा' म्हटले असते.

मी त्यांचा भाट नाही. 1999 मध्ये त्यांनी काँग्रेस सोडून राष्ट्रवादी धरली, 2019 मध्ये मुलासह भाजप. त्याच वर्षी मुलगा अकोल्यातून पडला. मतदारांनी जाब विचारला, बरे केले. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. तेथले पाणी प्रवरेतून खाली उसाच्या मळ्यांना जाते, आणि उंचावरच्या वाड्यांतील बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन दरी उतरतात. चौतीस वर्षांच्या आमदारकीला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो प्रवरेच्या खालच्या अंगाच्या, साखरेवर पोसलेल्या पुढाऱ्यांनाही विचारा ना! त्यांच्यापुढे आपला आवाज बसतो तो का?

कॅनडाच्या उत्तरेस बर्फाच्या मुलखात इनुइट राहतात. त्यांच्यातला पहिला खासदार पीटर इटिनुआर 1979 मध्ये निवडून आला. 1982 मध्ये त्याने पक्ष बदलला, कारण त्याच्या लोकांना स्वतःचा प्रदेश मिळण्याची आशा त्याला सत्ताधारी बाकांवर दिसली. खासदारकी टिकली नाही. पण 1999 मध्ये नुनावुत हा प्रदेश झाला. तेथल्या विधिमंडळात पक्षच नाहीत. सभासद आपल्यातून प्रमुख निवडतात. दूरच्या लोकांच्या प्रतिनिधीला राजधानीतील पक्ष म्हणजे नदी ओलांडायची होडी वाटते. होडीवाला बदलला म्हणून त्याला दोष द्यावा. पण पूल कोणी बांधला नाही, हेही त्याच दमात बोलावे.

पारावरचे गृहस्थ हे ऐकून म्हणाले, "मास्तर, तुम्ही फारच मनाला लावून घेतले." मी त्यांना एवढेच विचारले, की अकोल्यातल्या एका तरी वाडीचे नाव सांगा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि पान बदलून तेजीमंदी वाचू लागले.