नदीचा शेजारधर्म

वाहतें पाणी आपोआप निर्मळ होतें, असा आपल्याकडे जुना समज आहे. तो अगदींच खोटा नाहीं. पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूच्या साहाय्यानें सूक्ष्म जंतु मळ खाऊन टाकतात व कांहीं अंतरावर नदी पुन्हां स्वच्छ होते. परंतु हें सामर्थ्य अमर्याद नव्हे. मळ फार व पाणी थोडें झालें, म्हणजे प्राणवायु संपतो, मासे मरतात व पाण्यास दुर्गंधि येते. पांढरकवड्याच्या खुनी नदीसारख्या, उन्हाळ्यांत क्षीण होणाऱ्या नद्यांच्या बाबतींत तर ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. म्हणून सांडपाणी शुद्ध केल्यावांचून नदींत सोडूं नये, आणि हा नियम मोठ्या शहरांइतकाच लहान गांवांसही लागू असावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. १९७४ च्या जलप्रदूषण-प्रतिबंधक कायद्याचा हेतुही हाच आहे.

शुद्धीकरणाची रीत गूढ नाहीं. प्रथम जाळ्यांनीं चिंध्या, कागद इत्यादि अडवितात. मग वाळू व गाळ तळीं बसूं देतात. नंतर मोठ्या टाक्यांत हवा खेळवून जंतूंस विरघळलेला मळ खाऊं देतात. आणि शेवटीं जंतूंचा गाळ निराळा काढून वरचें पाणी निर्जंतुक करून सोडतात. हा जंतुयुक्त गाळ पुन्हां पुन्हां वापरण्याची युक्ति इंग्लंडांत मँचेस्टर येथें १९१४ सालीं आर्डर्न व लॉकेट ह्या दोघांनीं प्रसिद्ध केली. नदीस जें काम करण्यास अनेक मैल वाहावें लागतें, तें येथें कांहीं तासांत उरकतें.

विदर्भांत याचें मोठें उदाहरण नागपूरचें. तेथें भांडेवाडीच्या केंद्रांत रोज सुमारें १३ कोटि लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रास देण्याची योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. त्यामुळें तितकें ताजें पाणी इतर उपयोगांस मोकळें होतें. परंतु जें सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोंचत नाहीं, तें नाग नदींतून कन्हानेस व पुढें वैनगंगेस मिळतें. यावरून बोध असा कीं, केवळ केंद्र बांधल्यानें नदी सुटत नाहीं; प्रत्येक गटार त्यास जोडलें पाहिजे.

कोणी म्हणतील, लहान गांवास हा खर्च कसा झेपावा? हा प्रश्न रास्त आहे. हवा खेळविणाऱ्या यंत्रांस अखंड वीज व जाणता माणूस लागतो. परंतु जेथें जमीन मोकळी आहे, तेथें उथळ तळ्यांच्या मालिकेनेंही काम भागतें. तेथें सूर्यप्रकाशांत शेवाळ वाढतें व तेंच जंतूंस प्राणवायु पुरवितें. कित्येक दिवस लागतात खरे, पण वीज फार थोडी लागते. आणि ऊन तर आपल्याकडे उदंड आहे.

खुनीचें पाणी पैनगंगेंत व तेथून वर्धेंत जातें. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीस मिळते. म्हणजे पांढरकवड्याचें व नागपूरचें पाणी अखेर एकाच पात्रांतून वाहतें. ज्या नदीचें नांवच ‘प्राणांस हितकर’ असें आहे, तिला आपण काय पाठवितों? चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण शाळेंत ऐकतों. वाटेवर भेटलेला अनोळखी मनुष्य हाच शेजारी, असें ती शिकविते. खालच्या गांवीं घागर भरणारी बाई आपणांस कधीं भेटत नाहीं. तरी नदीनें तिला आपली शेजारीण केलें आहे.

विद्यार्थीमित्रहो, जळकें तेल, रंग व उरलेलीं औषधें मोरींत ओतूं नका; त्यांतील कित्येक पदार्थ जंतूंनाही पचत नाहींत. आणि पालकांस विनंति अशी कीं, एखाद्या रविवारीं मुलांस बरोबर घेऊन आपल्या घरचें गटार अखेर कोठें जाऊन मिळतें, तें पाहून यावें. मग नगरपरिषदेपाशीं कोणती मागणी करावी, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.