पडदे लावून सूर्य शिकवणारे

स्वच्छ ऊर्जेचं प्रशिक्षण पूर्ण करून आलेला कुठलाही शिक्षक गाठा आणि त्याला एकच विचारा: सौर पॅनलच्या पाठीवर जी काळी डबी असते, तिच्यातून किती वायरी बाहेर येतात? बहुतेक जण तुमच्या तोंडाकडे बघत राहतील, हुशार असतील ते हळूच मोबाइल काढतील. उत्तर दोन आहे, एक धन आणि एक ऋण. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांकडे असतं, क्यूआर कोडसकट.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अशा प्रशिक्षणांत खुर्चीवर बसून डुलक्या काढल्या आहेत आणि आदेश आला म्हणून सुलभक होऊन माइकही धरला आहे. तेव्हा कोणी मला ‘बाई, तुम्हाला आतलं काय माहीत’ असं ऐकवू नये.

आतलं असं आहे. तालुक्याचं सभागृह, वेळ दहाची, पाहुणे साडेअकराला. दीपप्रज्वलन होतं. हार-तुरे बंद झाले, त्याऐवजी पाहुण्यांना रोपटं देतात, कारण विषय पर्यावरणाचा. ते रोपटं संध्याकाळी खुर्चीखाली तसंच राहिलेलं असतं. मग सौरऊर्जेची पीपीटी सुरू होते. बाहेर मार्चचं रणरणतं ऊन. त्या उजेडात पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून शिपाई सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतो आणि चालायला अडचण नको म्हणून मागच्या ट्यूबलाइट लावतो. सूर्याला दाराबाहेर उभं करून आत त्याचे फायदे वाचून दाखवले जातात. आणि या गमतीवर एकही माणूस हसत नाही, इतके आपण सरावलो आहोत. स्लाइडवरच्या पवनचक्क्या कुठल्याशा परदेशी हिरव्या कुरणात उभ्या असतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर शेकड्यांनी पाती फिरत आहेत, त्यांचा एक फोटो घ्यावासा कोणाला वाटत नाही.

जेवणानंतर गटकार्य. चार्ट पेपर, स्केच पेन, ‘ऊर्जा बचतीचे दहा मार्ग लिहा’. बी.एस्सी., बी.एड. झालेली, केस पिकलेली माणसं खाली वाकून ‘खोलीबाहेर जाताना दिवे बंद करावेत’ असं सुवाच्य अक्षरात लिहितात. शेवटी उत्तरचाचणीची लिंक येते. सकाळच्या पूर्वचाचणीतलेच प्रश्न, त्याच क्रमाने. पहिल्या बाकावरचा एक जण उत्तरं ग्रुपवर टाकतो आणि प्रशिक्षणाचा परिणाम शंभर टक्के निघतो. अहवालात तो आकडा छापला जातो.

हे सगळं राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर, केंद्रस्तर असं खाली येतं. पाहुणे वाढले की ताकात पाणी वाढवावं, तसं. वर कुणा खऱ्या जाणकाराने चार दिवस शिकवलेलं असेलही, पण ते वर्गापर्यंत पोचतं तेव्हा केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या आधीची वीस मिनिटं एवढंच उरलेलं असतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं सांगितलं. हेतू उत्तम. पण तास मोजायचे ठरले की तासच भरतात. मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवायचा, पोळ्या लाटायच्या, मधूनमधून बोट लावून पुढे सरकवायचा.

मग वर्गात काय जातं? घोषवाक्यं. प्रभातफेरी. चित्रकला स्पर्धा, जिच्यात पन्नास मुलं हसणारा पिवळा सूर्य आणि रडणारी पृथ्वी काढतात. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या दिवशी शपथ घ्यायची, फोटो काढायचा, अपलोड करायचा. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळा या राज्याने पाहिल्या आहेत. अशा शाळेलाही ते पत्रक जातंच. ज्या वर्गात महिनाभर पंखा फिरलेला नाही, तिथली मुलं हात पुढे करून वीज वाचवण्याची शपथ घेतात. याला काय म्हणावं, ते शिक्षण खात्यानेच सांगावं.

पाठ्यपुस्तकावर ढकलायची सोय नाही. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात हरित ऊर्जेवर आख्खा धडा आहे आणि तो बरा आहे. औष्णिक केंद्रापासून सौर घटापर्यंत सगळं नीट मांडलंय. सिलिकॉनच्या एका चौरस सेंटिमीटर घटातून साधारण ३० मिलिअँपिअर धारा आणि अर्धा व्होल्ट विभवांतर मिळतं, हेही त्यात आहे. आता हे वाक्य आमच्याकडे कसं शिकवलं जातं? अधोरेखित करायला सांगून. ‘बोर्डाला येऊ शकतं.’ बोर्डाला येतंही. मुलं गुण मिळवतात. आणि तो अर्धा व्होल्ट कुणी, कधी, कशावर मोजला हे ना मुलाला ठाऊक, ना मास्तरला.

मोजायला काय लागतं? इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं तळहाताएवढं सौर पॅनल आणि एक साधा मल्टिमीटर. शाळेच्या दारात लावलेल्या फ्लेक्सच्या पैशात मल्टिमीटर येतो. पॅनल उन्हात धरा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. सहा-साडेसहा व्होल्ट दिसले, तर मुलांना पॅनलवरच्या पट्ट्या मोजायला लावा. बारा-तेरा भरतात. एका पट्टीचा अर्धा व्होल्ट, तेव्हा पुस्तकातलं वाक्य सर्वांसमोर खरं ठरलं. आता पॅनलला छोटी मोटर जोडा, ती फिरू लागली की एकाच पट्टीवर बोट आडवं ठेवा. एकाच. मोटर मरगळते, बहुधा थांबतेच. मुलं ओरडतात, ‘बाई, बाकीच्या तर उघड्या आहेत!’ तिथे एकसर जोडणी शिकवायची. पट्ट्या एकामागे एक बांधलेल्या, एकीने वाट अडवली की सगळ्यांची धारा अडते. फळ्यावर दोन तास घालवून जे डोक्यात शिरत नाही, ते एका बोटाने शिरतं.

आणि ते शाळेत राहत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने दहा टक्के भरले की बांधावर पंप उभा राहतो. अनेक मुलांच्या शेतात तो उभा आहेच. दुपारी तीननंतर पाणी कमी येतं म्हणून बाप कंपनीला शिव्या देत असतो. बोट ठेवून पाहिलेली पोरगी शेतात जाते, वर बघते आणि म्हणते, ‘आप्पा, बाभळीची सावली पडतीये कोपऱ्यावर. फांदी तोडा.’ मोठ्या पॅनलमध्ये सावलीचा फटका मर्यादित ठेवायला डायोड बसवलेले असतात, पण फटका बसतोच. तीच पोरगी पुढच्या वर्षी विचारते की मे महिन्यात ऊन इतकं कडक असताना व्होल्टेज डिसेंबरपेक्षा कमी का दिसतं. कारण पॅनल तापलं की व्होल्टेज घसरतं. त्याला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. हा प्रश्न वर्गात आला की त्या तासाचं सोनं झालं समजा. प्रशिक्षणात मात्र हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पॅनलच नसतं.

शाळांच्या छपरांवर पॅनलं नाहीत असं नाही. कुठल्याशा कंपनीच्या सीएसआरमधून येतात, कधी ग्रामपंचायतीच्या निधीतून. लाल फीत कापली जाते, पाटी लागते. पाटी अजून चकचकीत असते आणि बॅटरी केव्हाच मेलेली असते. कारण लेड ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, पॅनलवरची धूळ पुसावी लागते, हे मुख्याध्यापकाला कोणी सांगितलेलंच नसतं. लाखाची वस्तू देणाऱ्याला तासाभराची शिकवणी द्यायला जड जातं. खरं तर ते मेलेलं यंत्रसुद्धा धडाच आहे. उघडा, मोजा, कुठे तुटलं ते मुलांसह शोधा. पण जडसंग्रह वहीत नोंद झाली की वस्तूला हात लावायची भीती. काही मोडलं तर वसुली निघेल!

वीजबिलाचंही तेच. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क: घरोघरी येणारा हा कागद म्हणजे ऊर्जेवरचं सगळ्यात स्वस्त पाठ्यपुस्तक आहे. ते वाचायला शिकवणारं प्रशिक्षण मी अजून पाहिलेलं नाही. बहुतेक शिक्षकांना युनिट म्हणजे एक किलोवॅट तास हे पाठ असतं, पण आपल्या शाळेचं गेल्या महिन्याचं युनिट विचारा. शांतता.

आता खरी दुखरी जागा. आपल्या प्रशिक्षणांत कोळसा वाईट आणि सूर्य चांगला, एवढी दोनच पात्रं असतात. हे चंद्रपुरात शिकवून दाखवा. २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र तिथे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. निम्म्या वर्गाचे वडील खाणीत किंवा केंद्रावर. एखादं पोर उठून विचारतं, ‘सर, मग माझ्या बाबांची नोकरी?’ या प्रश्नाला पीपीटीत स्लाइड नाही. त्याच पोराला राखेचा खोकलाही आहे, आणि ती नोकरी गेली तर फीही भरता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. त्या दोन्ही वर्गासमोर प्रामाणिकपणे कशा ठेवायच्या, हे शिकवायला जमत नसेल तर प्रशिक्षण कशाला म्हणायचं? कोयनेचंही तसंच. १,९६० मेगावॅटची जलविद्युत, धूर नाही, राख नाही. आणि धरणासाठी गाव सोडलेल्यांची नातवंडं अजून जमिनीसाठी आंदोलनं करत आहेत. कोयनाकाठच्या पाटणमधल्या शिक्षकाने ‘जलविद्युत ही स्वच्छ ऊर्जा आहे’ एवढंच सांगून फळा पुसायचा?

आकड्यांचीही अशीच फसवाफसवी. २०२५च्या मध्यावर देशाची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनाखेरीजच्या स्रोतांची झाली. मोठी गोष्ट आहे, अभिमान वाटलाच पाहिजे. पण स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. एक किलोवॅटचं सौर पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं. तेवढ्याच क्षमतेचा संच चोवीस तास पूर्ण चालला तर चोवीस देईल. म्हणून क्षमता निम्मी होऊनही निम्म्याहून कितीतरी जास्त वीज अजून कोळशातूनच येते. हा सातवीच्या गुणाकाराचा हिशेब आहे. पण परिपाठात ‘देशाची निम्मी वीज स्वच्छ झाली’ असं ठोकून देणारे शिक्षक मी ऐकले आहेत. त्यांचा दोष थोडा. त्यांना शिकवणाऱ्यानेच हा फरक सांगितला नव्हता.

हे जमतच नाही असं कोणी म्हणू नये. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सोळा शाळांत सुरू झाला. शिक्षक उन्हाळ्यात एकत्र यायचे ते भाषण ऐकायला नव्हे. मुलांनी करायचे प्रयोग आधी ते स्वतः करायचे, फसायचे, भांडायचे. वर्षभर मासिक बैठका व्हायच्या, वर्गात काय बिघडलं ते तिथे यायचं आणि त्यावरून पुस्तक बदलायचं. खेड्यातल्या सरकारी शाळांतल्या मास्तरांनी ते करून दाखवलं. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. चालणारी गोष्ट बंद पाडणं, हे काम आपल्याकडे कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय उत्तम जमतं.

आणि होशंगाबाद लांब वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ घ्या. डॉ. एस. एस. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या आणि शाळेतल्या मुलांना हाताने काम करत शिकवणारा त्यांचा अभ्यासक्रम राज्य मंडळाने मान्य केला. त्यात ऊर्जा-पर्यावरण हा एक स्वतंत्र विभाग. मुलं घराचं वायरिंग करतात, बायोगॅसशी झटतात, गावातली कामं पैसे घेऊन करून देतात. वायर चुकीच्या ठिकाणी जोडली तर दिवा लागत नाही, तिथे उत्तरचाचणीची गरज पडत नाही. चाळीस वर्षं हे आपल्या दाराशी आहे. अधिकारी भेट देतात, अभिप्राय वहीत ‘प्रेरणादायी’ लिहितात आणि परत येऊन पडदे ओढायला सांगतात.

आता आपल्या जातभाईंबद्दलही दोन शब्द, नाहीतर फक्त साहेबांना झोडपल्यासारखं होईल. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी यांनी शिक्षक पिचलाय, हे शंभर टक्के खरं. दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालवणाऱ्या माणसाला मी प्रयोग का केला नाहीस म्हणून विचारणार नाही. पण ज्यांच्याकडे वेळ आहे, प्रयोगशाळा आहे, त्यांनाही सभागृहातलं प्रशिक्षणच आवडतं. सावली, जेवण, प्रमाणपत्र, आणि वर्गात काही बदलायची जबाबदारी नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीच्या फाइलला कागद जोडला की विषय मिटला. प्रयोग करताना आपलं अज्ञान मुलांपुढे उघडं पडतं, ही भीतीही असते. पडू दे की. ‘मलाही माहीत नाही, चला मोजू’ असं म्हणणारा मास्तर मुलं जन्मभर विसरत नाहीत.

तेव्हा शिक्षण खात्यातल्या आणि संस्थांतल्या मंडळींना माझं साधं सांगणं आहे. पुढचं प्रशिक्षण सभागृहात ठेवू नका, शाळेच्या अंगणात ठेवा. फ्लेक्स छापू नका. दोन शिक्षकांत एक पॅनल, एक मल्टिमीटर, एक स्क्रू ड्रायव्हर द्या आणि जाताना ते परत मागू नका. जडसंग्रहात न धरता ‘वापरून मोडले तरी चालेल’ असं लेखी पत्र द्या. गावातला सौर पंप दुरुस्त करणारा पोरगा तज्ज्ञ म्हणून बोलवा, त्याला साहेबाइतकंच मानधन द्या. तीन महिन्यांनी पुन्हा या आणि फोटो न मागता मुलांच्या वहीतली मोजमापं बघा. एवढं जमणार नसेल, तर त्या दिवशी आम्हाला वर्गातच राहू द्या. दहावीचे दोन धडे मागे आहेत.